दुपारी एक ते तीन आवाज नको, असं घर घ्यावं का?

मूळच्या पुण्याच्या, आता जर्मनीत स्टुटगार्टला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र, थोडक्यात. नवरा वाहनउद्योगात इंजिनिअर आहे, दोन वर्षांपूर्वी कंपनीने तिकडे पाठवलं. मुलगी चार वर्षांची, सकाळी बालवाडीत जाते. सध्या शहराच्या मध्यभागी फर्निचरसकट घेतलेल्या लहानशा घरात राहतात आणि तो करार संपत आलाय. चार महिने शोधल्यावर उत्तरेकडच्या रोट या वस्तीत एक घर मिळतंय. १९५०च्या दशकातली तीन मजली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, ६८ चौरस मीटर म्हणजे आपल्या हिशेबात ७३० चौरस फूट. मागे हिरवळ, जुनी झाडं. मूळ भाडं ८५० युरो, वर हीटिंग आणि देखभालीचे २३०. स्वयंपाकघरात ओटासुद्धा नाही. घरमालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, त्या बरोबर खालच्या घरात राहतात. त्यांनी करारासोबत घराचे नियम दिलेत: दुपारी १ ते ३ आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी वॉशिंग मशीन नको, जिना आळीपाळीने झाडायचा-पुसायचा. नवऱ्याला घर पसंत आहे. ओळखीची मराठी मंडळी म्हणतात, "तिथे सगळे म्हातारे. पोरगी धावली तरी पोलिसांना बोलावतील." मैत्रीण लिहिते: "उन्हाळ्यात सासूसासरे तीन महिने येणार, घरी गणपती असतो, माझी फोडणी, कुकरच्या शिट्ट्या. आत्ताच्या इमारतीत निदान कुणाला कुणाचं काही पडलेलं नाही. दोन वर्षांत कुणाचं नाव कळलं नाही, पण कुणी बोललंही नाही. या नव्या घरात मी काय दिवसभर चवड्यांवर चालायचं? की थोडं थांबून सरळ विकतच घ्यावं?"

प्रिय मैत्रिणी,

आधी तो नियमांचा कागद हातात घेऊ, कारण झोप त्याने उडवली आहे. त्याला तिकडे हाउसओर्डनुंग म्हणतात आणि तो बहुतेक भाडेकरारांना जोडलेला असतो. तुमचं आडनाव वाचून तो कुणी तयार केलेला नाही. रात्री दहानंतरची शांतता जर्मनीत सगळीकडेच पाळायची असते, रविवारची आणि सणांच्या सुट्टीचीही. म्हणजे हे नियम तुमच्या आत्ताच्या घरालाही लागू आहेत, फक्त रस्त्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू येत नाहीत. दुपारची वेळ मात्र देशाच्या कायद्यात नाही, ती त्या गावाच्या किंवा त्या घराच्या नियमांतून येते. तेव्हा तुमच्यासाठी खरं नवं काय, तर दुपारचे दोन तास. आणि "हळू बोला रे, आजी आत्ताच आडवी झालीय" हे ऐकत आपण सगळेच वाढलो आहोत.

शांतता म्हणजे तरी काय अपेक्षित असतं? बोलायचं नाही, नळ सोडायचा नाही, असं कुणीही म्हणत नाही. आवाज आपल्या खोलीपुरता राहावा, इतकंच. ड्रिल नको, व्हॅक्यूम क्लीनर नको, गाणी मोठ्याने नकोत. दुपारच्या वेळी पोळ्या लाटा, फोनवर आईशी बोला, मुलीला गोष्ट सांगा, काहीही बिघडत नाही.

पोलिसांची भीती तर पहिल्यांदा मनातून काढून टाका. लहान मुलाचं रडणं, हसणं, घरात दुडुदुडु धावणं हा शेजाऱ्यांनी सोसायचा आवाज आहे, अशीच तिथल्या न्यायालयांची साधारण भूमिका आहे. २०११ साली तर त्यांनी कायद्यातच दुरुस्ती केली, की बालवाडीतून आणि खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज हा एरवी उपद्रव मानायचा नाही. याचा अर्थ रात्री साडेदहाला सोफ्यावरून उड्या मारू द्याव्यात असा नाही. आईबापांनी आवर घालणं अपेक्षित आहे, आणि ते तुम्ही आजही घालत असणार.

आता दुसरी बाजू. तुमची मंडळी जी तक्रार सांगतात तिच्यात थोडं तथ्य आहे, पण कारण माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी स्लॅबमध्ये शोधा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं घाईने बांधावी लागली. पश्चिम जर्मनीच्या १९५०च्या गृहनिर्माण कायद्याने सहा वर्षांत १८ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं होतं. सामान कमी, पैसे कमी, घाई मोठी. त्या काळच्या मजल्यांमध्ये पावलांचा आवाज अडवणारा थर फार पातळ असतो, कधी नसतोच. आणि कायदेशीर मापदंडही साधारणपणे घर बांधलं त्या काळचाच धरला जातो, त्यामुळे "आजच्या इमारतीसारखं शांत करून द्या" असं मालकाला कुणी म्हणू शकत नाही, ना वरचा ना खालचा.

मी स्वतः त्याच प्रांतातल्या एका गावात, अशाच घरात सहा वर्षं काढली. पहिल्याच महिन्यात खालच्या बाईंची चिठ्ठी दारात आली, रविवारी दुपारी मशीन लावू नका म्हणून. चिठ्ठी अगदी सभ्य होती, तरी मी रडले. आपण इथे नको आहोत, एवढंच तिच्यातून वाचलं मी. संध्याकाळी धीर करून खाली गेले. माझं जर्मन तेव्हा "नमस्कार" आणि "माफ करा" इतकंच. त्यांनी मला आत नेलं, वर जाऊन मशीन चालू करून या अशी खूण केली. मी परत खाली आले तर त्या छताकडे बोट दाखवत उभ्या होत्या. छताला जुना काचेच्या लोलकांचा दिवा होता. मशीनने पिळायला सुरुवात केली तसे ते लोलक एकमेकांवर किणकिणू लागले. आम्ही दोघी खाली उभ्या राहून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी मशीनखाली जाड रबराची चटई टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांनी जिन्यात मला थांबवलं आणि दोन बोटांनी दिव्याची खूण करून मान हलवली: आता वाजत नाही. त्या चटईला पंधरा युरो लागले होते.

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की सही करण्याआधी आजींची परवानगी घेऊन खालच्या घरात पाच मिनिटं उभ्या राहा आणि वर नवऱ्याला आणि मुलीला चालायला, धावायला सांगा. तुमच्या पावलांचा खाली कसा आवाज होतो ते स्वतःच्या कानांनी ऐका. हे विचारायला संकोच वाटेल. पण आजींना त्यातून कळेल की येणारी बाई समजूतदार आहे, आणि तुम्हालाही कळेल की गालिचा कुठे हवा. बसण्याच्या खोलीत जाड गालिचा, मुलीच्या पायात मऊ तळव्यांचे मोजे, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल. एवढ्याने निम्म्याहून जास्त प्रश्न मिटतो. कुकर बाराच्या आत उतरवायची सवय तर तुम्हाला असेलच.

वासाचं म्हणाल, तर स्वयंपाक करणं हा भाडेकरूचा सरळ हक्क आहे, फोडणीसकट. जिन्यात वास साठला की कुरबुर होते. तेव्हा फोडणी घालताना खिडकी सताड उघडी आणि जिन्याकडचं दार घट्ट बंद. उलट केलंत, म्हणजे हवेसाठी दार उघडं टाकलंत, तर हिंगाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. या जुन्या घरांत चिमणीची हवा बहुतेक वेळा बाहेर काढता येत नाही, ती गाळून पुन्हा घरातच सोडली जाते. त्यामुळे चिमणी घ्याल तर तिची कोळशाची जाळी बदलण्याचा खर्च लक्षात घ्या.

इथपर्यंत तुम्ही विचारलेल्या गोष्टी झाल्या. आता जी तुम्ही विचारली नाही तिच्याकडे येते.

"दोन वर्षांत कुणाचं नाव कळलं नाही, पण कुणी बोललंही नाही." हे वाक्य तुम्ही सोय म्हणून लिहिलं आहे. मला ते सोयीचं वाटलं नाही. नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो, मुलगी बालवाडीत, आणि एवढ्या मोठ्या गजबजाटात तुमच्याशी बोलणारं एकही माणूस नाही. तुम्ही आवाजाला घाबरलात असं लिहिता, पण मला वाटतं तुमची भीती वेगळी आहे: आत्ता आहे तो एकटेपणा शांत वस्तीत गेल्यावर जास्त ऐकू येईल. ही भीती खरी आहे आणि तिला गालिच्याने उत्तर मिळणार नाही. ती नवऱ्याला तशीच सांगा, आवाजाच्या आडून सांगू नका. त्यांच्यासाठी शांत घर म्हणजे दमून आल्यावरचा विसावा. तुमच्यासाठी तेच घर म्हणजे दिवसाचे दहा तास. एकाच घराची ही दोन वेगळी मापं आहेत, आणि निर्णय घेताना दहा तासांच्या मापाला जास्त वजन हवं.

पण शांत वस्ती म्हणजे एकटेपणा, हे गणित मात्र मला मान्य नाही. गजबजाटात तुम्ही एकट्या आहातच की. ओळखी कशाने होतात? काहीतरी रोज किंवा दर आठवड्याला सोबत करावं लागल्याने. आणि इथे मी तुमच्या यादीतल्या शेवटच्या नियमाकडे येते, तो जिना पुसण्याचा.

त्याला केअरवोखे म्हणतात, झाडण्याचा आठवडा. स्टुटगार्टच्या परिसराची ही फार जुनी रीत. तिची मुळं १४९२च्या तिथल्या नगर-नियमांपर्यंत नेली जातात. १९८८ साली नगरपालिकेने सक्ती काढून टाकली, तरी भाडेकरारांतून ती टिकून आहे. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी पाळी म्हणजे अंगण, तळघर, समोरची पायवाट, आणि हिवाळ्यात बर्फ. आपण याच्याकडे लगेच "झाडलोट करायला लावतात" म्हणून बघतो, कारण आपल्याकडे सोसायटीचा जिना झाडायला दुसरं कुणीतरी येतं आणि त्या माणसाचं नाव आपल्याला बऱ्याचदा माहीत नसतं. तिथे डॉक्टरीणबाईही पुसतात आणि बसचालकही.

एक लहानशी पाटी असते, दोरी लावलेली. ज्याचा आठवडा संपला तो ती पुढच्या घराच्या दाराला अडकवतो. आमच्याकडे ती लाकडाची होती आणि दोरीच्या जागी कुणीतरी लोकरीची वेणी घातली होती. त्या पाटीमुळे मला सहाही घरांची नावं कळली. समोरच्या घरातल्या बाईंनी मला पहिल्या शनिवारी पायरीचा आतला कोपरा फडक्याने कसा काढायचा ते दाखवलं, आणि मनातल्या मनात ते मला टोचलं. सहा महिन्यांनी त्यांचा गुडघा दुखावला तेव्हा त्यांच्या पाळ्या मी केल्या. त्यानंतर दर डिसेंबरात त्यांच्या घरची बिस्किटं माझ्या दाराशी यायची, आणि चकल्यांचा डबा वरून खाली जायचा. हे माझ्याबाबतीत घडलं म्हणून तुमच्याबाबतीत घडेलच असं नाही. पण तुमच्या आत्ताच्या इमारतीत हे घडायला जागाच नाही, कारण तिथे कुणाकडून कुणाकडे जाणारी अशी एकही वस्तू नाही.

आता "तिथे सगळे म्हातारे" याबद्दल. रोटसारखी वस्ती कुणासाठी उभी राहिली हे तुमच्या ओळखीच्या मंडळींनी विचारलेलं दिसत नाही. स्टुटगार्टवर युद्धात त्रेपन्न हवाई हल्ले झाले. पडलेल्या घरांचा मलबा गावाच्या पश्चिमेच्या बिर्केनकोफ टेकडीवर नेऊन टाकला, तो इतका की टेकडी चाळीस मीटरने उंच झाली. आज ती ५११ मीटर आहे. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन चढा, माथ्यावर जुन्या इमारतींचे कोरीव दगड अजून तसेच पडलेले आहेत. अशा उद्ध्वस्त शहरात त्यात भर म्हणून पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मनभाषक लोंढ्याने आले. साऱ्या पूर्व युरोपातून मिळून ही माणसं सुमारे एक कोटी वीस लाख होती. रोट ही वस्ती त्यांच्यासारख्या निर्वासितांसाठी आणि घरं गमावलेल्यांसाठी वाढवलेली. तिथल्या जुन्या रहिवाशांच्या आईबापांनाही बोलीवरून ओळखलं जायचं, तेही 'बाहेरचे' होते, त्यांच्याही स्वयंपाकाच्या वासाबद्दल शेजाऱ्यांनी नाकं मुरडली होती. त्याच वस्तीच्या कडेला रोमियो आणि ज्युलिएट अशी नावं दिलेल्या दोन उंच इमारती आहेत, हान्स शारून या नामवंत वास्तुशिल्पकाराने १९५०च्या दशकात उभारलेल्या. घर बघायला जाल तेव्हा त्यांच्याकडेही एक नजर टाका, भिंती वाकड्या, बाल्कन्या टोकदार, आणि रंग छान.

तेव्हा आजींना पहिल्या भेटीत विचारा, तुम्ही या वस्तीत केव्हा आलात? तुमच्या मोडक्यातोडक्या जर्मनला यापेक्षा चांगला प्रश्न मिळणार नाही. उत्तर लांबलं तर समजा, खाली बोलणारं माणूस आहे. एका शब्दात मिळालं, तर तेही कळलेलं बरं.

कारण मी सगळ्या घरमालकिणींची हमी घेत नाही. मालक खालीच राहत असेल तर नळ गळाल्यावर तो संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो, आणि तुम्ही पाहुणे आणल्याचंही संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. दोन्ही एकत्रच येतं. त्यामुळे तुमच्या मनातल्या गोष्टी आधीच बोलून टाका. मुलीला सोबत न्या. "ही धावते, आम्ही शिकवतोय" असं सांगा. सासूसासरे तीन महिने येणार हे सांगा. सहा-आठ आठवड्यांपर्यंतच्या पाहुण्याला परवानगी लागत नाही, त्याहून लांब मुक्काम असेल तर कळवून ठेवणं शहाणपणाचं, आणि पाण्याचा खर्च डोकी मोजून होत असेल तर ते रीतीलाही धरून आहे. गणपतीचं सांगा: दीड दिवस, संध्याकाळी सातला आरती, पंधरा-वीस मिनिटं टाळ्या आणि झांज. आदल्या आठवड्यात जिन्यात एक चिठ्ठी लावा, वेळ लिहा, आणि खाली मोदक खायला या असंही लिहा. विसर्जन घरीच बादलीत, शाडूची छोटी मूर्ती असेल तर माती बाल्कनीतल्या कुंडीला. हे सगळं ऐकताना आजींचा चेहरा बघा. त्या प्रश्न विचारतील तर घर घ्या. त्यांनी प्रत्येक गोष्टीला नवा नियम जोडायला सुरुवात केली, तर घर कितीही छान असलं तरी सोडा. दिवसाचे दहा तास तुम्हाला काढायचे आहेत.

आणि एकदा मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला एकट्याच तिकडे जा. यू ७ ट्राम थेट जाते. खेळाच्या मैदानाशेजारच्या बाकावर तासभर बसा. शनिवारी दुपारी घर दाखवतात तेव्हा सगळीच वस्ती गोड दिसते. मैदानावर बाबागाडी ढकलणाऱ्या आया दिसतात का, बेकरीत लोक उभं राहून बोलतात का, वाचनालय किती लांब आहे, लोकविद्यालयाचे म्हणजे फोल्क्सहोखशूलेचे भाषेचे वर्ग कुठल्या थांब्यावर आहेत, हे त्या तासात पाहा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय सामान आणि झोपलेली मुलगी चढवणं कसं वाटतं, तेही एकदा हातात दहा किलो घेऊन चढून पाहा. बालवाडी लगेच बदलू नका. नव्या भागात जागा मिळेपर्यंत ट्रामने जुनीच चालू ठेवा, मुलीचे ओळखीचे चेहरे एकदम सगळे तुटू नयेत.

घर बघताना भिंतींना हात लावा. १९५०च्या घरांत बऱ्याचदा खिडक्या नव्या, घट्ट बंद होणाऱ्या आणि भिंती जुन्या, थंड असतात. मग घरातली वाफ बाहेर जात नाही आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर, त्यात हिवाळ्यात कपडे घरात वाळत. म्हणून झोपण्याच्या खोलीचा बाहेरचा कोपरा वाकून बघा, नुकताच एवढाच भाग रंगवलेला दिसला तर का ते विचारा. कपडे वाळवायला तळघरात किंवा माळ्यावर खोली आहे का ते बघा. घराचं ऊर्जा-प्रमाणपत्र बघायला मागा, ते दाखवणं मालकावर बंधनकारक आहे. हीटिंगचा खर्च त्यावरून कळतो, २३० युरो पुरणार की वर्षाअखेरीस मोठं बिल येणार तेही. राहायला गेल्यावर दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडायच्या, मग बंद. दिवसभर फट ठेवून भिंत थंड करायची नाही.

पैशांचं पटकन सांगते. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, म्हणजे तुमच्या घराला २,५५० युरो ही कमाल, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवायची असते. भाड्याच्या घरात दलालाचे पैसे २०१५पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायचे. ओटा नसणं तिकडे नेहमीचंच आहे. आधीचा भाडेकरू स्वतःचा विकतोय का विचारा, आणि नवा घ्यावा लागला तर दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके पैसे बाजूला ठेवा. किल्ली घेताना खोलीखोलीची नोंद लिहून दोघांच्या सह्या करा, ओरखडे आणि मीटरचे आकडे फोटोत धरा. मालकाकडून राहत्या पत्त्याचा दाखला घ्या, दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची असते. आणि भाडेकरूंच्या संघटनेचे, मीटरफेराइनचे, सभासद व्हा. वर्षाची थोडी वर्गणी भरली की करार वाचून द्यायला वकील मिळतो.

विकत घेण्याचा विचार आत्ता नको. तिथे घराच्या किमतीवर पाच टक्के खरेदीकर, नोटरीचा खर्च वेगळा, बऱ्याचदा दलाल वेगळा. ज्या शहरात अजून एकाही शेजाऱ्याचं नाव माहीत नाही तिथे एवढे पैसे अडकवू नका. भाडं वाया जातं असं आपल्याकडे म्हणतात, पण तुम्हाला सध्या एखादी वस्ती आपली होते का हे बघायला वेळ हवा आहे, आणि भाडं देऊन तोच मिळतो.

माझा कल घर घेण्याकडे आहे, आजींशी तो संवाद नीट झाला तर. राहिली एक शंका: नाहीच जमलं तर? भाडेकरूला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन केव्हाही, कारण न सांगता, घर सोडता येतं. आजींना मात्र कारण द्यावं लागतं. स्वतःसाठी किंवा मुलानातवंडांसाठी घर हवं असेल तर त्या नोटीस देऊ शकतात, तेव्हा कुणी राहायला यायचं आहे का हेही मोकळेपणाने विचारून घ्या. पण काही करारांत "पहिली दोन वर्षं कुणीही सोडणार नाही" अशी एक ओळ असते. जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत असं बांधून घेता येतं, आणि ती ओळ सहसा शेवटच्या पानांवर सापडते. करार घेऊन बसा, ती ओळ शोधा, सापडली तर तिच्यावर बोट ठेवून आजींना विचारा, "ही एक वर्षावर आणता येईल का?"